गेम बंद केला, तरी मार्क वाढले नाहीत

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा १५ वर्षांचा, पुढच्या वर्षी त्याची मोठी परीक्षा. सातवीपर्यंत ८० टक्क्यांच्या वर असायचा, आता साठच्याही खाली आला आहे. चौदाव्या वाढदिवसाला त्याला स्वतःचा फोन मिळाला आणि तो मित्रांच्या टीमबरोबर ऑनलाइन शूटिंग गेम खेळू लागला, तोही रात्री एक-दीड वाजेपर्यंत. समजावून झालं, रागावून झालं, वेळ ठरवून दिली, तीही मोडली. शेवटी पाच आठवड्यांपूर्वी वडिलांनी फोन काढून घेतला आणि कपाटाला कुलूप लावलं. तेव्हापासून मुलगा रोज पाच ते नऊ टेबलाशी बसतो. धडे वाचतो, ओळी रंगवतो, गाइडमधली उत्तरं सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो. तरीही परवाच्या चाचणीत गणित आणि विज्ञानाचे मार्क आणखी उतरले. मध्यंतरी मित्राचा जुना फोन दप्तरात लपवून आणताना तो सापडला. रविवारी फुटबॉल खेळायला जातो, सगळ्यांबरोबर जेवतो, पण बोलत नाही. वडील म्हणतात, "व्यसन लागलंय, परीक्षा होईपर्यंत फोन दिसता कामा नये." आईला मात्र मुलगा घरात असून नसल्यासारखा वाटतो. त्या विचारतात: गेम बंद करूनही मार्क का वाढत नाहीत? फोन परत द्यावा का? आणि हे व्यसनच आहे का, ते ओळखायचं कसं?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. "गणित तसं सातवीच्या शेवटापासूनच जड जायला लागलं होतं, आकड्यांच्या जागी अक्षरं आली तेव्हापासून." त्याच्या हातात फोन आला तो आठवीत. म्हणजे निदान गणिताची घसरण आधी सुरू झाली आणि गेम मागून आला. तुम्ही आणि त्याचे बाबा गेलं वर्षभर हाच क्रम उलटा धरून चालला आहात. गेममुळे मार्क गेले, तेव्हा गेम काढला की मार्क परत येतील, असा तुमचा हिशोब आहे. त्याचा पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा भाग खरा नाही, आणि पाच आठवड्यांनी चाचणीच्या पेपरात तुम्हाला तेच दिसलं आहे.

पहिल्या भागाबद्दल आधी बोलू, कारण गेमचा काही दोषच नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. रॉबर्ट वाइस आणि ब्रिटनी सेरँकोस्की या अमेरिकी संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६ ते ९ वर्षांचे ६४ मुलगे त्यांनी निवडले. एकाच्याही घरी गेमचं यंत्र नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला यंत्र लगेच दिलं, दुसऱ्याला चार महिन्यांनी द्यायचं ठरवलं. चार महिने संपले तेव्हा ज्यांना यंत्र आधी मिळालं होतं, ती मुलं शाळा सुटल्यावर अभ्यासाला कमी वेळ देत होती आणि वाचन-लेखनाच्या चाचण्यांत मागे पडली होती. मोठ्या मुलांचंही असंच एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजात वसतिगृहातल्या पुष्कळ नव्या मुलांना कोणाबरोबर खोली द्यायची हे कॉलेजच चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. टॉड आणि राल्फ स्टाइनब्रिकनर यांनी त्यावरून २००८ साली दाखवलं की ज्याच्या खोलीतला जोडीदार गेमचं यंत्र घेऊन येतो, त्याचा रोजचा अभ्यास सुमारे ४० मिनिटांनी कमी होतो आणि पहिल्याच सत्रात गुण उतरतात. खोलीत नुसतं यंत्र आल्याने एवढा फरक पडला.

आता दुसरी बाजू. ड्रमंड आणि सॉअर या संशोधकांनी २०१४ साली २२ देशांतल्या १ लाख ९२ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती तपासली. ही सगळी १५ वर्षांच्या आसपासची, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाची मुलं. विज्ञान, गणित आणि वाचनाचे गुण एका बाजूला, आणि मूल किती वेळा गेम खेळतं ते दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा संबंध जवळपास नव्हताच म्हणावं इतका कमी निघाला.

मग खरं काय मानायचं? माझ्या मते दोन्ही. लाखो मुलांच्या सरासरीत गृहपाठ उरकून तासभर खेळून झोपणारा मुलगा असतो, आणि झोप व अभ्यास दोन्ही बाजूला सारून खेळणाराही असतो. सरासरीत ते एकमेकांत मिसळून जातात, घरात मिसळत नाहीत. म्हणून मूल गेम खेळतं की नाही, यापेक्षा ते कशाच्या जागी खेळतं हे पाहावं. टीव्हीच्या किंवा रिकाम्या लोळण्याच्या जागी खेळलं, तर मार्कांना धक्का लागायचं कारण नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र गेमने सगळ्यात आधी झोपेची जागा घेतली.

झोपेला तुम्ही पत्रात एकच ओळ दिली आहे, मला तिच्यावर जरा थांबावंसं वाटतं. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी. रात्री दीडला झोपून सकाळी साडेसहाला उठणाऱ्या मुलाला ती जेमतेम पाच तास मिळते, आणि हे वर्षभर चाललं आहे. दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. वर्गात मुलगा हजर असतो, फळ्यावरचं लिहून घेतो, पण ते राहत नाही, ते यामुळेही. जर्मनीत १२ ते १४ वर्षांच्या काही मुलांवर २००७ साली एक छोटा प्रयोग झाला होता. संध्याकाळी तासभर जोशातला गेम खेळल्यावर त्यांना झोप लागायला वेळ लागला, त्यांची गाढ झोप कमी झाली आणि शब्द लक्षात ठेवायच्या चाचणीत ती मागे पडली. मुलं मोजकीच होती, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण रात्री साडेबाराला गेमचं मैदान आक्रसत शेवटच्या वर्तुळावर आलं आणि त्यात तीनच टीम उरल्या असताना छाती कशी धडधडते, हे तुमच्या मुलाला विचारा. तो लगेच सांगेल. त्यानंतर दिवा मालवला म्हणून मन लगेच शांत होत नाही.

आता फोन कपाटात आहे. तो किती वाजता झोपतो? पत्रात ते नाही. वर्षभर उशिरा झोपायची सवय झालेलं शरीर, त्यात या वयात झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते. फोन गेला म्हणून त्याला दहाला झोप येईल असं नाही. नऊला टेबलावरून उठून तो एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडत असेल, तर निम्मी अडचण अजून घरातच आहे. आधी ती पाहा. सकाळी उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही फारशी बदलू देऊ नका आणि झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. एकदम तीन तास अलीकडे आणायला गेलात तर ते टिकणार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. मार्क का वाढत नाहीत?

तो काय करतो हे तुम्ही किती नेमकं लिहिलं आहे! पाच ते नऊ. वाचतो, रंगवतो, उतरवून काढतो. ताई, बैठक आहे, पण यात अभ्यास फार थोडा आहे. गाइडमधलं उत्तर सुंदर अक्षरात वहीत उतरवताना डोक्याला काहीच करावं लागत नाही, काम फक्त हात करतो. पिवळ्या रंगाने अर्धं पान रंगवलं की धडा झाल्यासारखा वाटतो. चार तासांनी मूल थकून उठतं, आईवडिलांना समाधान वाटतं आणि परीक्षेत प्रश्न जरासा फिरवून आला की सगळं कोरं. मग मुलाच्या मनात बसतं की गेम सोडूनही मला जमलं नाही, म्हणजे मी मुळातच ढ आहे. दप्तरात लपवलेला फोन मला या निष्कर्षापुढे किरकोळ वाटतो. चाचणीचे पेपर हातात आल्यावर तो काय म्हणाला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा काहीच म्हणाला नसेल.

हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग अभ्यासाला बसणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून कागद बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आणि आपल्याला हे चांगलं लक्षात राहील अशी जास्त खात्री कोणाला होती? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. तुमचा मुलगा सध्या नेमका त्याच फसव्या खात्रीत रोज चार तास घालवतो आहे. त्याला दुसरं काही कुणी दाखवलंच नाही.

खरं तर त्याला दुसरं येतं. गेममध्ये तो असाच शिकला. नवी बंदूक कशी चालते हे त्याने वहीत उतरवून काढलं नाही. तो मैदानात उतरला, दहा सेकंदांत मेला, का मेलो ते बघितलं, पुन्हा उतरला. चूक कुठे झाली हे लगेच कळत होतं, पुन्हा करून बघायची सोय होती, आणि हरल्यावर कोणी नाव ठेवत नव्हतं. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २००६ साली गेमच्या ओढीबद्दल लिहिताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या: आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला काहीतरी जमतंय असं जाणवणं आणि सोबतीला कोणीतरी असणं. त्याच्या टेबलाकडे या तीन प्रश्नांनिशी बघा. कधी बसायचं, काय करायचं हे तुम्ही ठरवलेलं. गणितात काही जमतंय असं सातवीनंतर त्याला जाणवलेलं नाही. आणि चार तास तो एकटा. रात्री अकराला मात्र चार मित्र त्याचं नाव घेऊन हाका मारत होते, कारण त्याच्याशिवाय त्यांचं अडत होतं. बीजगणित सुटेना, तेव्हा ज्या जागी आपण उपयोगाचे आहोत तिथे तो गेला. मला यात आळस दिसत नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम फोनचं नाहीच. पहिलं काम सातवीच्या गणिताचं आहे. या रविवारी त्याच्याबरोबर बसा. उपदेशाला नव्हे, शोधायला. सातवी-आठवीची जुनी पुस्तकं काढा आणि साधी समीकरणं त्याला सोडवू द्या. बहुतेक मुलं एका ठराविक जागी अडलेली असतात. उणे चिन्ह कंसाबाहेर काढताना, अपूर्णांकाच्या छेदाने दोन्ही बाजूंना गुणताना किंवा शाब्दिक उदाहरणाचं समीकरण मांडताना. ती जागा सापडली की पुढची दोन वर्षं त्याच एका दगडाला ठेचकाळत होता हे लक्षात येईल. तुम्हाला जमत नसेल तर शाळेतल्या शिक्षकांना भेटा आणि "याचे मार्क कमी का" असं न विचारता "हा कुठल्या पायरीवर अडतो" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला "लक्ष देत नाही" एवढंच उत्तर मिळतं. दुसऱ्यासाठी शिक्षकांना त्याची वही उघडावी लागते.

दुसरं, ते चार तास मोडा. पंचवीस-तीस मिनिटांचे चार तुकडे पुरेत, मध्ये पाच-दहा मिनिटं हातपाय मोकळे करायला. प्रत्येक तुकड्यात धड्याचा एकच भाग. एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. तो दुसरा रंग म्हणजे त्याला न येणारा भाग, आणि परवा त्याने तेवढाच बघायचा. गणितात सोडवलेलं उदाहरण झाकून पुन्हा करायचं आणि अडलं तर एकच ओळ उघडून बघायची. चुकलेली उदाहरणं एका वेगळ्या वहीत जाऊ द्या, शेजारी एका ओळीत "काय चुकलं" लिहून. तीन-चार आठवड्यांनी ती वही चाळली तर तीच ती दोन-तीन प्रकारची चूक दिसेल. सुरुवातीला हे त्याला आवडणार नाही. कोऱ्या कागदापुढे बसलं की आपल्याला किती कमी येतं ते उघडं पडतं, रंगवायला बसलं की ते झाकलं जातं. पहिला आठवडा शेजारच्या खुर्चीत तुमचं काहीतरी काम घेऊन बसा, त्याच्या वहीत डोकावू नका. त्या टेबलाशी सोबत नाही, एवढं तरी त्यामुळे बदलेल.

दोन तास झाले की अभ्यास संपला. संपला म्हणजे संपला. "अजून अर्धा तास बस" म्हणायचा मोह होईल, तो टाळा. वेळेआधी नीट उरकण्याचं बक्षीस म्हणून आणखी अभ्यास मिळतो असं दिसलं, की मूल पुन्हा रंगवायला लागतं.

आता फोन. माझं मत विचारलंत तर द्यावा. परीक्षा होईपर्यंत, म्हणजे वर्षभर कुलूप लावणं टिकणार नाही, दप्तरातल्या जुन्या फोनने ते सांगितलंच आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेमबंदीचा कायदा केला होता. तो २०२२ सुरू होताना मागे घेतला आणि वेळ ठरवण्याचं काम पालक व मुलांकडे सोपवलं. कायद्याने आलेली शिस्त कायदा उठला की उठते. तुमचा मुलगा दोन-तीन वर्षांत घराबाहेर शिकायला जाईल आणि तिथे कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात असेल. थांबायचं कसं हे त्याला तुमच्यासमोर, तुमच्या मदतीने शिकायला मिळालं तर बरं.

पण आधीसारखा परत देऊ नका. आणि नियम करण्याआधी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून तो गेम बघा. मी हे सगळ्याच आईबाबांना सांगते आणि त्यांना ते वेळेचा अपव्यय वाटतं. तसं नाही. मागच्या वेळी तुम्ही "रोज ४५ मिनिटं" ठरवलं होतं आणि तो रोज मोडायचा. का, ते बसल्यावर कळेल. त्याच्या प्रकारच्या गेममध्ये एक मॅच साधारण वीस ते तीस मिनिटं चालते आणि मध्ये थांबवता येत नाही. अर्ध्यात सोडली तर टीम एकाने कमी होते, मित्र चिडतात, रँक घसरतो. ४५ मिनिटांत दुसरी मॅच अर्ध्यावर येते आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही दारात उभ्या राहता. "झालंच, दोन मिनिटं" हे तो खोटं बोलत नव्हता, त्या मॅचपुरतं ते खरंच होतं. नियम मिनिटांत न करता मॅचमध्ये करा. शाळेच्या दिवशी दोन मॅच, आणि अमुक वाजल्यानंतर नवी मॅच सुरू करायची नाही. चालू असलेली पूर्ण करायची. हा नियम त्याला पाळता येण्यासारखा आहे, आणि पाळता येणारा नियम मोडला गेला तर त्याबद्दल सरळ बोलताही येतं.

क्रमही ठरवा: अभ्यास, मग गेम, मग निदान तासभर पडद्याविना, मग झोप. अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत गेम नको, "फक्त एक मॅच" सुद्धा नको. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा एक तुकडा मागेच रेंगाळतो, हे सोफी लेरॉय यांनी २००९ साली मांडलं आहे. नुकत्याच हरलेल्या मॅचच्या बाबतीत तर तो तुकडा फारच मोठा असतो. पुस्तक उघडं असतं, डोक्यात मात्र "तेव्हा डावीकडे वळलो असतो तर" चाललेलं असतं. मधल्या सुट्टीत चालावं, पाणी प्यावं, गच्चीवर जावं, तुमच्याशी बोलावं.

डेली मिशन, रोजच्या लॉगिनचं बक्षीस, "सीझन संपायला तीन दिवस उरले" अशा सूचना मुलाला रोज परत आणण्यासाठीच रचलेल्या असतात. त्याची इच्छाशक्ती कमी पडते असं नाही, पलीकडे बसून कुणीतरी हे पगार घेऊन करत असतं. हे त्याला याच शब्दांत सांगा. आपल्याला कोणीतरी ओढतंय हे कळलं की या वयाची मुलं स्वतःहून ताठ होतात. गेमच्या सूचना दोघांनी मिळून बंद करा, आणि रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. तुमचा आणि बाबांचाही तिथेच लावा. बाबा अंथरुणात फोन बघत असतील तर हा नियम चार दिवससुद्धा चालायचा नाही.

आणि कृपा करून गेम मार्कांना बांधू नका. "सत्तर मिळाले तर फोन" या सौद्यात मुलाच्या हातात काही नसतं, कारण पेपर कसा येईल हे त्याच्या हातात नाही. कोऱ्या कागदावरचे चार तुकडे झाले का, हे त्याच्या हातात आहे. गेम त्याला बांधा. परीक्षेच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांचं काय करायचं, गेम काढून टाकायचा की फक्त शनिवार-रविवार ठेवायचा, हे त्याला ठरवू द्या आणि टीमच्या मित्रांना त्यानेच सांगू दे. स्वतः जाहीर केलेला शब्द मुलं जास्त पाळतात.

व्यसनाबद्दल विचारलंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत मान्यता दिली, २०२२ पासून ती यादी लागू झाली. तिथल्या खुणा अशा: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडून गेमच सगळ्यात वर येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहणं किंवा वाढणं. हे सगळं साधारण वर्षभर दिसावं लागतं आणि त्यापायी घर, शाळा, मैत्री यांत मोठी मोडतोड झालेली असावी लागते. फार तीव्र असेल तर वर्षाची अटही नाही. तुमचा मुलगा रविवारी फुटबॉलला जातो, तुमच्याबरोबर जेवतो, शाळा बुडवत नाही. झोपेवर आणि वेळेवर त्याचा ताबा सुटला होता, हे खरं आणि गंभीरही आहे, तरी तुमच्या वर्णनावरून मी त्याला आजारी म्हणणार नाही. नक्की निदान तज्ज्ञच करू शकतो. बाबांना एवढं जरूर सांगा की रोज "व्यसनी" म्हटल्याने मुलाला थांबायचं बळ मिळत नाही, उलट आपल्या हातात काही उरलेलं नाही अशी त्याची समजूत होते.

काही गोष्टींसाठी मात्र वाट पाहू नका. फुटबॉल सुटला, जेवण तुटलं, आंघोळ-कपड्यांची शुद्ध राहिली नाही, फोनवरून हात उगारण्यापर्यंत गेलं, किंवा "माझा काही उपयोग नाही", "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही तो बोलला, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे न्या. तेव्हा गेम आणि मार्क दोन्ही बाजूला ठेवायचे. आणि लहानपणापासूनच एका जागी लक्ष न लागणं, वाचताना ओळी सुटणं, अक्षरांची अदलाबदल होणं असं काही असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या. पुष्कळ मुलं गेमच्या आड अशी अडचण लपवतात आणि घरातल्यांना ती कळतच नाही.

तुमच्यासारखीच पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. ज्यांची मुलं खेळतात, पुरेशी झोपतात आणि अभ्यासही नीट चाललेला आहे, त्यांनी केवळ भीतीपोटी घरात युद्ध सुरू करू नये. आणि हे वाचणारा कोणी स्वतःच वसतिगृहात राहून रात्री तीनपर्यंत खेळत असेल तर त्याने आठवडाभर एवढंच करावं: झोपायची वेळ, शेवटची मॅच संपल्याची वेळ आणि त्या दिवशी पुस्तक मिटून किती लिहिलं, हे तीन आकडे भिंतीवरच्या कागदावर मांडावेत. कमी करायचा संकल्प आत्ता नको. आधी आठवडा डोळ्यांसमोर येऊ दे.

ताई, पुढच्या चाचणीत मार्कांची उडी दिसेल अशी आशा ठेवू नका. दोन वर्षांचा पाया राहिला आहे, तो भरायला काही महिने जातील. तोवर चुकांच्या वहीत त्याच त्या चुका कमी होतायत का, तो किती वाजता झोपतो आणि जेवताना एखादं वाक्य जास्त बोलतो का, एवढं पाहा. बोलायची सुरुवात तुम्हालाच करावी लागेल, आणि ती मार्कांपासून करू नका, लपवलेल्या फोनपासूनही नको. "सातवीत अक्षरं आली तेव्हापासून गणित अडलंय का तुझं? आम्ही तेव्हा विचारलं नाही," असं म्हणून बघा. हे वाक्य बाबांनी म्हटलं तर आणखी चांगलं. तो लगेच उत्तर देईल असं नाही. पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि पहिलं समीकरण त्यालाच निवडू द्या.